थंडीतले स्काउटिंग आणि मुलांनी स्वतः उभा केलेला निधी

हिवाळा तोंडावर आला की कोणत्याही स्काउट पथकासमोर दोन कामे एकाच वेळी येऊन उभी राहतात. थंडी पडली तरी मुलांना मोकळ्या हवेत ठेवतील असे उपक्रम आखायचे असतात, आणि त्याच सुमारास वर्षभराच्या शिबिरांसाठी, तंबू-दोरखंडांसाठी आणि ज्यांना शिबिराचा खर्च परवडत नाही अशा मुलांसाठी पैसाही उभा करायचा असतो. बहुतेक ठिकाणी या कामांची वाटणी ठरून गेलेली असते: उपक्रम मुलांचे आणि पैशाची चिंता मोठ्यांची. पथकाबरोबर काम करताना माझे मत मात्र दिवसेंदिवस पक्के होत गेले आहे की ही वाटणीच मोडली पाहिजे. ज्या मुलाच्या पाठीला रात्री जमिनीचा गारवा लागला आहे, त्यालाच अंथरायची जाड चटई कशासाठी विकत घ्यायची हे खरे कळते, आणि ज्याने त्या चटईसाठी स्वतः काम केले आहे तो ती ओली असताना गुंडाळून कपाटात टाकत नाही.

उन्हाळी शिबिरात पुष्कळ काही खपून जाते. तंबूची दोरी सैल राहिली, पायमोजे ओले राहिले, पांघरूण कमी घेतले, तरी रात्र कशीबशी निभावते. थंडीत यांपैकी एकही गोष्ट खपत नाही, आणि म्हणूनच स्काउटने शिकायचे म्हणून जे जे सांगितले जाते त्याचा खरा अर्थ मुलांना हिवाळ्यात कळतो. ‘मुले आजारी पडतील’ या भीतीने अनेक पथके या काळात सभागृहात बसून खेळ घेतात आणि हजेरी हळूहळू रोडावत जाते. पालकांची काळजी मी समजू शकतो. त्यावर उपाय मात्र मुलांना आत ठेवणे हा नसून त्यांना थंडी नीट शिकवणे हा आहे.

थंडीशी स्काउटिंगचे नाते जुने आहे. १९२१ मध्ये ध्रुवीय प्रदेशांचे संशोधक अर्नेस्ट शॅकल्टन ‘क्वेस्ट’ जहाजातून आपल्या अखेरच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा त्यांनी जेम्स मार आणि नॉर्मन मूनी या दोन तरुण स्काउटांना बरोबर घेतले होते. पुढे १९२८ मध्ये रिचर्ड बर्ड यांच्या अंटार्क्टिका मोहिमेसाठी पॉल सिपल हा एकोणीस वर्षांचा अमेरिकन स्काउट निवडला गेला. हाच सिपल पुढे शास्त्रज्ञ झाला. वाऱ्यामुळे थंडी किती अधिक बाधते हे मोजण्याची जी पद्धत आज हवामानाच्या अंदाजांत वापरली जाते, तिचा पाया त्याने चार्ल्स पॅसेल या सहकाऱ्याबरोबर अंटार्क्टिकात घातला. १९४० च्या दशकाच्या आरंभी या दोघांनी पाण्याने भरलेले एक लहान नळकांडे उघड्या वाऱ्यात टांगून ते पाणी गोठायला किती वेळ लागतो याच्या नोंदी केल्या आणि १९४५ मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. मुलांना ही हकिकत सांगताना मला विशेष आनंद होतो, कारण एवढ्या महत्त्वाच्या प्रयोगाची सामग्री इतकी साधी होती.

त्याच धर्तीवर एक प्रयोग आम्ही हिवाळ्यात घेतो. दोन एकसारखे पत्र्याचे डबे घ्यायचे, दोन्हींत एकाच भांड्यातले गरम पाणी सारख्या मापाने ओतायचे, एक डबा भिंतीच्या आडोशाला ठेवायचा आणि दुसरा वारा थेट लागेल असा टांगायचा. मग एका मुलाने घड्याळ पाहायचे, दुसऱ्याने दर पाच मिनिटांनी दोन्ही डब्यांत तापमापी बुडवायची आणि तिसऱ्याने आकडे लिहायचे. पहिल्या दोन-तीन नोंदींत फारसा फरक दिसत नाही आणि मुले कंटाळून इकडे तिकडे बघू लागतात. मग वाऱ्यातल्या डब्याचा आकडा दुसऱ्याला मागे टाकून भराभर खाली येऊ लागतो आणि सगळे वहीवर वाकतात. अशाच एका वेळी एका लहान मुलीने स्वतःहून विचारले, “सर, वाऱ्यातल्या डब्याला मफलर गुंडाळला तर?” तोवर मी कपड्यांविषयी एक शब्दही बोललो नव्हतो. मफलर गुंडाळला, पुन्हा नोंदी घेतल्या, आणि अंगालगतचा उबदार हवेचा थर वारा उडवून नेतो व कपडे तो थर धरून ठेवतात, ही गोष्ट पथकाला समजावून सांगण्याची गरजच उरली नाही.

कपड्यांचे नियम त्यानंतर सोपे होतात. एका जाड कपड्याऐवजी पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घालावेत, म्हणजे कामाला लागण्याआधी एक थर उतरवता येतो आणि थांबल्यावर पुन्हा चढवता येतो. घाम हा थंडीतला मोठा शत्रू आहे. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि अंग गार करतो, उलट लोकर ओलसर झाली तरी पुष्कळशी ऊब टिकवते. झोपताना दिवसभराचे कपडे, ते कोरडे वाटले तरी, बदलावेत आणि पायमोजे तर बदललेच पाहिजेत. तोंड पांघरुणात खुपसून झोपू नये, कारण श्वासातली वाफ पांघरूण दमट करते. आणि सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे अंगाखालचे अंथरूण. अंगाच्या वजनाने झोपण्याच्या पिशवीचा खालचा भाग दबून जातो, त्यातली हवा निघून जाते आणि जमीन अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून अंगावर एक पांघरूण वाढवण्यापेक्षा अंगाखाली एक जाड चटई वाढवणे अनेकदा अधिक उपयोगी ठरते. पथकाच्या खरेदीच्या यादीत चटया नेहमी वरच्या ओळींत असतात त्या यामुळेच, आणि त्या तिथे मुलांनीच लिहिलेल्या असतात.

सुरक्षिततेविषयी थोडक्यात पण स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर गार होते. सतत हुडहुडी भरणे, बोलणे जड होणे, पावले अडखळणे, साधे बटण लावता न येणे, एरवी हसतमुख असणाऱ्या मुलाने अकारण चिडणे किंवा एकदम गप्प होणे, ही शरीराचे तापमान धोकादायकरीत्या घसरत असल्याची लक्षणे आहेत. ते ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्या मुलाला तातडीने आडोशाला नेऊन, ओले कपडे काढून, कोरड्या उबेत ठेवून वैद्यकीय मदत मिळवावी लागते. अंग गारच असताना हुडहुडी थांबली तर मूल सुधारले असे मुळीच समजू नये, उलट स्थिती गंभीर झालेली असते. तंबूत शेगडी, स्टोव्ह किंवा निखारे कोणत्याही कारणाने नेऊ द्यायचे नाहीत, कारण त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो. आमच्याकडे या बाबतीत मुलांना जोड्या लावून दिलेल्या असतात आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा चेहरा, बोटे आणि बोलणे यांवर लक्ष ठेवायचे असते. थंडी वाजते असे सांगणे म्हणजे कमीपणा नव्हे, हे पथकात अगदी पहिल्या दिवसापासून बोलून ठेवावे लागते.

हिवाळ्याची एक देणगी म्हणजे लवकर होणारा अंधार. उन्हाळ्यात तारे दाखवायचे तर लहान मुलांची झोपेची वेळ टळून जाते, पण थंडीत संध्याकाळच्या सभेतच आकाश तयार असते. उत्तर गोलार्धातून पाहणाऱ्यांना मृग नक्षत्र आधी सापडते, कारण त्याच्या मधले तीन तारे चुकूच शकत नाहीत. त्या तिघांची रेषा एका बाजूला वाढवली की व्याधाचा लखलखता तारा लागतो आणि दुसऱ्या बाजूला रोहिणीवरून पुढे गेले की कृत्तिकांचा पुंजका. सप्तर्षी या दिवसांत संध्याकाळी क्षितिजाजवळ किंवा त्याखाली असतात, म्हणून ध्रुव तारा शोधायला शर्मिष्ठा या तारकासमूहाची मदत घ्यावी लागते. नेहमीची खूण हाताशी नसताना दुसऱ्या खुणेने उत्तर दिशा काढणे हा मुलांसाठी चांगला अभ्यास आहे. त्याच अंधारात मैदानाच्या दोन टोकांना दोन संघ उभे करून विजेरीने मोर्स संकेत पाठवण्याचा खेळ घेता येतो. दिवसा कंटाळवाणा वाटणारा हा विषय काळोखात मुले स्वतःहून मागून घेतात.

उत्तर अमेरिकेतील स्काउट पथके १९४९ पासून ‘क्लोंडाइक डर्बी’ नावाची हिवाळी स्पर्धा घेत आली आहेत. तिथे प्रत्येक संघ आपली घसरगाडी स्वतः ओढत एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यावर जातो आणि प्रत्येक ठाण्यावर प्रथमोपचार, होकायंत्र, गाठी, आग पेटवणे असे एखादे काम पार पाडतो. जिथे बर्फ पडत नाही तिथेही हा खेळ उत्तम चालतो. घसरगाडीच्या जागी काठ्या आणि दोर यांची झोळी करून तिच्यावर सामान वाहून न्यायचे, एवढाच बदल. थंडीने बोटे आखडलेली असताना ‘रीफ नॉट’सारखी साधी गाठसुद्धा किती हट्टी होते हे मुलांना अशा वेळी कळते, आणि मग संघनायक ओरडण्याऐवजी दोर कोरडा ठेवण्याची व्यवस्था आधी करू लागतो.

आता पैशाविषयी. स्काउटने हात पसरू नये, काम करून कमवावे, हा विचार या चळवळीत सुरुवातीपासून आहे. चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०८ मध्ये मांडलेल्या स्काउट नियमांत काटकसरीचा नियम होताच, आणि आपल्याकडे ‘खरी कमाई’ म्हणून जो उपक्रम स्काउट-गाइड करतात त्याचाही गाभा हाच आहे. ब्रिटनमध्ये १९४९ साली ईस्टरच्या सुमारास ‘बॉब-अ-जॉब’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात मुले घरोघर जाऊन बागेची साफसफाई, बूट पॉलिश, गाडी धुणे अशी कामे एका शिलिंगच्या मोबदल्यात करत. पुढे मुलांच्या सुरक्षिततेच्या काळजीमुळे १९९० च्या दशकात तो मागे पडला. त्यातला श्रमाचा भाग ठेवून सुरक्षिततेचा भाग सुधारणे हे आजच्या पथकांचे काम आहे असे मला वाटते. एकट्या मुलाने अनोळखी दारावर जायचे नाही, गणवेशाशिवाय जायचे नाही, प्रत्येक गटाबरोबर प्रौढ व्यक्ती असलीच पाहिजे आणि अंधार पडण्याआधी परत यायचे, हे चार नियम पाळले तर परिसरात काम करून निधी मिळवणे आजही शक्य आहे.

अमेरिकेतील गर्ल स्काउटांच्या बिस्किटांची कथा मला याहून अधिक शिकवणारी वाटते. १९१७ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील मस्कोगी येथील एका पथकाने घरी बिस्किटे भाजून शाळेच्या उपाहारगृहात विकली. १९२२ मध्ये या संघटनेच्या मासिकात बिस्किटांची कृती छापून आली, तेव्हा कृतीबरोबर हिशेबही दिला होता: सहा-सात डझनांच्या साहित्याला २६ ते ३६ सेंट लागतील आणि एक डझन २५ ते ३० सेंटना विकता येईल. म्हणजे मुलीला केवळ वस्तू विकायला न लावता खर्च, किंमत आणि शिल्लक हे तिन्ही तिच्यासमोर मांडले गेले होते. दुसऱ्या महायुद्धात साखर, पीठ आणि लोण्याची टंचाई झाली तेव्हा १९४४ मध्ये बिस्किटांऐवजी कॅलेंडरे विकली गेली. आज अनेक पथके बाहेरून तयार माल आणून विकतात आणि त्यात गैर काही नाही. पण खोके पालकांच्या कार्यालयात जाते, पालकच सहकाऱ्यांना विकतात आणि मुलाला शेवटी फक्त बिल्ला मिळतो, असे झाले तर त्याला मुलांनी केलेला निधीसंग्रह म्हणणे मला पटत नाही.

हिवाळ्याची स्वतःची कामे असतात आणि ती शोधली तर विकायला वस्तू लागतही नाही. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने धर्मादाय संस्थांना नाताळच्या दिवसांत शुभेच्छापत्रे वाटण्याची मुभा मिळाली, आणि तेव्हापासून तिथली कित्येक स्काउट पथके आपापल्या परिसरात हे टपाल वाटून निधी उभा करतात. सण संपल्यावर घरोघरची नाताळवृक्षांची झाडे गोळा करून ती खतासाठी पोहोचवण्याचे काम अनेक देशांत स्काउट करतात. वाळलेला पालापाचोळा गोळा करणे, सायकली पुसून तेल घालणे, वृद्धांसाठी सामान आणून देणे, भेटवस्तूंना कागद लावून देणे, मुलांनी स्वतः चित्रे काढलेली कॅलेंडरे छापणे, ही कामे कुठेही जमतात. यांतल्या कॅलेंडराचा मला थोडा जास्त लळा आहे, कारण त्यात विकत घेणाऱ्याच्या हाती वर्षभर उपयोगी पडणारी वस्तू राहते आणि उपक्रमांच्या तारखाही त्यावर आपोआप छापल्या जातात.

एका बाबतीत मी आग्रही आहे. सर्वांत जास्त पैसे आणणाऱ्या मुलाला बक्षीस देण्याची प्रथा पथकात असू नये. ज्याच्या आईवडिलांची ओळख मोठी त्याचा आकडा मोठा, एवढेच त्यातून सिद्ध होते, आणि ज्या घरात मागायला कोणी नाही ते मूल पुढच्या सभेला येत नाही. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर जे पहिले प्रायोगिक शिबिर झाले, त्यात श्रीमंतांच्या खासगी शाळांतल्या मुलांकडून एक पौंड आणि बाकीच्या मुलांकडून त्याहून खूपच कमी, म्हणजे साडेतीन शिलिंग घेतले होते, आणि सगळे एकाच संघांत मिसळून राहिले होते. ऐपतीप्रमाणे द्यावे आणि तंबूत सारखे असावे, ही रीत या चळवळीच्या पहिल्याच शिबिरात होती. म्हणून मिळालेला सगळा पैसा एका खात्यात जातो, कोणाच्या नावापुढे रक्कम लिहिली जात नाही, आणि ज्यांचा शिबिराचा खर्च निधीतून होतो त्यांची नावे फक्त पथकप्रमुखाला ठाऊक असतात.

मोजणीची संध्याकाळ मात्र सगळ्यांची असते. लांब टेबलावर पेटी उलटी केली जाते, दोन मुले नाणी आणि नोटा वेगळ्या करून मोजतात, आकडा मोठ्याने न सांगता कागदावर लिहून पालथा ठेवतात, मग दुसरी दोन मुले तेच पुन्हा मोजतात. दोन्ही कागद उलटून आकडे जुळले तरच वहीत नोंद होते, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती करताना मोठी मुले घाई करतात आणि बारकी मुले एक एक नाणे सरळ करत बसतात, आणि बहुतेक वेळा बारक्यांचा आकडा बरोबर निघतो. प्रौढांपैकी दोघे सही करतात, रक्कम लगेच बँकेत भरली जाते आणि पावतीपुस्तकाची अर्धुके त्याच वहीत लावली जातात. मुलांवर विश्वास आहे म्हणूनच ही शिस्त त्यांना शिकवायची. उद्या हीच मुले एखाद्या संस्थेची खजिनदार होतील.

दारावर उभे राहून बोलायचे वाक्यही मुलांनीच ठरवायचे असते, आणि ते नेमके असले पाहिजे. ‘आमच्या पथकाला मदत करा’ असे म्हटले की समोरचा माणूस खिशात हात घालतो किंवा दार लावतो. पण ‘थंडीतल्या शिबिरासाठी आम्हाला अंथरायच्या चटया घ्यायच्या आहेत, तुमच्या अंगणातला पाला आम्ही गोळा करून देऊ का?’ असे विचारले की संभाषण सुरू होते. शिबिर झाल्यावर त्याच घरी मुलांच्या हस्ताक्षरातले आभारपत्र गेले पाहिजे, आणि त्यात त्या पैशांचे काय आणले हे लिहिलेले असले पाहिजे. आमच्याकडे हे पत्र हिशेबाचाच भाग मानले जाते. पत्रे गेल्याशिवाय वही बंद होत नाही.

सगळेच काम पैशासाठी करायचे नसते, हेही याच ऋतूत दाखवता येते. १९८६ मध्ये ऑस्ट्रियाच्या नभोवाणीने बेथलेहेमच्या शांतिज्योतीचा उपक्रम सुरू केला. येशूच्या जन्मस्थानी पेटवलेली ही ज्योत डिसेंबरमध्ये अनेक देशांतले स्काउट आणि गाइड हातोहात पुढे पोहोचवतात, आणि ती विकली जात नाही. २२ फेब्रुवारी हा बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह या दोघांचाही जन्मदिवस १९२६ पासून जगभरातल्या गाइड मुली ‘चिंतन दिन’ म्हणून पाळतात. १९३२ मध्ये पोलंडमधील बुचे येथील परिषदेत, वाढदिवस म्हटला की भेट आलीच, असा विचार पुढे आला आणि प्रत्येक मुलीने जगातल्या इतर मुलींसाठी एक पेनी द्यावी असे ठरले. हिवाळ्यात जमवलेल्या निधीतला एक लहान वाटा आपल्याशिवाय दुसऱ्या कोणासाठी तरी ठेवायचा, हा नियम मी त्यावरूनच सुचवला आणि संघनायकांच्या सभेने तो स्वीकारला.

या सभेत प्रौढांना मत नसते, बोलण्याची मुभा असते. निधीचा हिशेब आणि शिबिराचा अनुभव एकाच बैठकीत मांडले जातात: कोणत्या तंबूत पाणी आले, किती जण रात्री थंडीने जागे झाले, कोणते सामान वापरलेच गेले नाही, आणि मग हातात किती शिल्लक आहे. एका बैठकीत मोठ्या मुलांना नवा तंबू हवा होता आणि त्यांनी त्याचे छापील माहितीपत्रकही आणले होते. लहान संघाच्या नायिकेने वहीतली शिबिराची पाने काढली आणि पाणी आलेल्या दोन्ही तंबूंची शिवणच उसवली होती, कापड चांगले होते, हे दाखवून दिले. मत घेतले गेले आणि नवा तंबू पुढे ढकलला गेला. जाड सुई, मेणाचा दोरा, शिवणीवर लावायचे जलरोधक द्रव्य आणि आणखी चटया एवढी खरेदी मंजूर झाली, आणि पुढच्या शनिवारी तंबू शिवायला कोणी यायचे त्याची यादी तिथेच फळ्यावर लिहिली गेली.